नाना डॉक्टरांची बारीक तार

जळगावला मी दात सरळ करायला गेलो, तर नाना डॉक्टरांनी आधी हात मागितला. "तोंड नंतर दखसू," म्हणत त्यांनी माझा अंगठा मागे वाकवला. तो थेट मनगटाला टेकला. लग्नकार्यात भाचरांना हसवायची ही माझी हुकमी करामत, त्यामुळे मी कौतुकाची वाट पाहत होतो. नानांनी शांतपणे चष्मा पुसला. "बठ्ठं ढिलं शे रे!" म्हणजे सगळंच सैल.

नाना मूळचे धुळ्याचे, अहिराणी बोलणारे, आणि संथपणात अख्ख्या खानदेशात त्यांना तोड नव्हती. त्यांनी तपासायला पाठवलं, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी माझे सांधे नि हिरड्या जन्मापासूनच सैल आहेत, हे घराण्यातून येतं, असं सांगितलं. मग तर नानांना रानच मोकळं झालं. केसासारखी बारीक तार, आणि दर दहा मिनिटांनी जबड्याला विसावा. तेवढ्यात ते स्वतःचा चहा उरकून घेत. माझे दात मात्र चार महिन्यांत रांगेत आले. "तार काढा आता," मी हट्ट धरला. "जो रांगमा लवकर येस, तो लवकर जास," ते म्हणाले. "घाई कोनले शे?"

घराण्यातून म्हणजे कुणाकडून, हा प्रश्न आमच्या घरात कुणालाच पडला नाही. सावद्याहून आई दरवेळी सोबत यायची. पापडाचं पीठ कुटायची वेळ आली की हिचा खांदा बरोबर निखळतो, अशी आम्ही तिची थट्टा करायचो. सगळ्यांत मोठ्यानं मी.

एकदा दवाखान्यात पिशवी उचलताना तिचा खांदा खरंच सरकला. तिनं तो मुकाट्यानं जागेवर बसवला. नानांनी ते पाहिलं आणि तिचा अंगठा वाकवला. तोही मनगटाला टेकला.

"माह्यं काय घेऊन बसले डॉक्टर, पोराचं पाहा."

नानांनी आयुष्यात पहिल्यांदाच घाई केली. मला खुर्चीतून उठवून आईला बसवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुना दातले तार शे. मायना खांदाले कोन शे?" मी आईची पिशवी उचलून घेतली.

नाना गेल्या वर्षी गेले. यंदा पापडाचं पीठ मी कुटायला घेतलं, आणि दुसऱ्याच घावाला माझा खांदा निखळला. जुन्या सवयीनं सगळं घर हसलं. आई हसली नाही. तिनं मुसळ काढून घेतलं, मला खाली बसवलं आणि म्हणाली, "हळू रे. घाई कोनाले आहे?"