खळ वाळेपर्यंत

बाइंडरच्या दुकानात कात्रणं साठतात. सकाळी झाडून काढा, दुपारी पायाखाली पुन्हा आहेतच. किश्शांचंही तसंच. मी काही मुद्दाम जमवले नाहीत. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, त्यात हे पडत गेले. बहुतेक माझ्या नातीचे, तुंगीचे आहेत.

साठ-बासष्ट साल असेल. तुंगी सात-आठ वर्षांची, शाळेसाठी आमच्याकडं, इकडं कानडी मुलखात मल्लेश्वरमला राहायची. घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान. मराठी लोकांच्या एका लायब्ररीची फाटकी पुस्तकं माझ्याकडं यायची. निम्म्याहून जास्त काम तेच. पुस्तक नव्यानं बांधायचं तर आधी सगळं उसवावं लागतं. सोळा-सोळा पानांचे सुटे फर्मे हातात येतात. ते पुन्हा एकाला एक शिवायचे, पाठीला खळ लावायची, खळ वाळली की पुठ्ठा.

आम्हा दोघांचा नियम एकच : वाचल्याशिवाय टाका नाही! रोज संध्याकाळी एक फर्मा मोठ्यानं वाचायचा, मगच शिवायचा. एकट्यानं पुढं वाचायचं नाही.

एकदा एक गृहस्थ शाळेचं रजिस्टर न्यायला आले. आतून तुंगी ओरडली, "अज्जा, राजा आज जाणार का हो?"

मी म्हटलं, "सांगता येत नाही. काल फारच खालावला होता."

गृहस्थ फळीवर वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कुणाला कळवलंय का?"

*

मी शाळेत गेलो नाही. माझ्या उस्तादांनी आधी आकडे शिकवले, कारण फर्मे लावायला आकडे लागतात. अक्षरं मग हळूहळू आली. अजूनही ओळीखाली बोट धरल्याशिवाय मला वाचता येत नाही.

एकदा पुठ्ठा कापताना तेच बोट कापलं. चिंधी बांधली. तुंगी म्हणाली, "माझं बोट घ्या." तिची शाळा कानडी, ही मराठी अक्षरं तिला कुणी शिकवली नव्हती. मी वाचायचो तसं ती बोट सरकवायची.

आठ-दहा दिवस असं चाललं. एका संध्याकाळी बोट एका ओळीवर थांबलं ते हलेचना.

"सरकव की गं."

"नको अज्जा."

"का?"

"पुढच्या ओळीत घोडा मरतोय."

तिला वाचता यायला लागलंय, हे मला असं कळलं.

*

आमच्या घरच्यांना, म्हणजे तुंगीच्या आजीला, पुस्तकांचं कौतुक नव्हतं. "पोरीला जरा भाजी निवडायला पाठवा, नुसतं वाचून पोट भरतं का?" म्हणायच्या. मग स्वतःच सूप घेऊन मधल्या दारात बसायला लागल्या. राजगिऱ्याची एक जुडी निवडायला त्यांना पूर्ण फर्मा लागायचा!

त्या वेळी एक कादंबरी चालू होती. त्यातल्या बाईला नवऱ्यानं घराबाहेर काढलेलं. मधे फर्मा संपला, मी टाके घातले, उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा पेला माझ्यासमोर जरा आपटूनच ठेवला गेला.

"ती जर का त्याच्याकडं परत गेली ना," त्या म्हणाल्या, "तर मी तुमच्याशी बोलायची नाही."

*

लायब्ररीचे सेक्रेटरी हनुमंतराव. तारखात्यातून रिटायर झालेले, हातात कायम छत्री. बोलणंही तारेसारखंच, मोजकं.

"अण्णा, डिक्शनरी दोन दिवसांत देता. कादंबरीला पंधरा दिवस. का?"

"खळ वाळत नाही."

"डिक्शनरीची वाळते?"

रस्त्यावर मार्चचं ऊन नुसतं चटचटत होतं. हनुमंतरावांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

तेवढ्यात तुंगी आतून पुस्तक घेऊन आली. "काका, ओलंच आहे. हात लावून बघा."

त्यांनी पाठीवर बोट टेकवलं. बोट चिकटलं! खळ खरंच ओली होती. पोरीनं आत जाऊन तेव्हाच फासली होती.

"सरी, बरं," म्हणाले, आणि बोट छत्रीला पुसत गेले.

*

लायब्ररीच्या पुस्तकांचं शेवटचं पान नेहमी जातं. का ते देवाला माहीत. एका पुस्तकाची तर शेवटची चार पानं नव्हती. तुंगीला काय सांगू? मी कोरा कागद तिला दिसणार नाही असा धरला, त्यावर बोट ठेवलं आणि मनानंच शेवट लावून दिला. चोर सापडला, आई भेटली, सगळ्यांना पुरणाचा ओबट्टू वाढला. मला वाटलं, झकास जमलं.

तुंगीनं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"हे पुस्तकातलं नाही."

"कशावरून?"

"तुम्ही एकदासुद्धा अडखळला नाहीत!"

*

मग ते नावाड्याचं जाडं पुस्तक आलं. नावाडी वादळात सापडतो आणि घरी यायला त्याला अख्खं पुस्तक लागतं. घरी त्याची मुलगी रोज घाटावर दिवा लावून बसते. तुंगीनं त्या दिवसांत जेवताना, शाळेत जाताना, वेणी घालून घेताना एकच विचारलं : तो पोचेल ना? मी म्हणायचो, फर्मा येऊ दे.

दोन फर्मे उरले असताना हनुमंतराव आले. आम्ही दोघं चटईवर, सुई दोऱ्यासकट उशीत खोचलेली, खळीचं भांडं कोरडं. ते उंबऱ्यातच उभे राहिले.

"ही होय तुमची ओली खळ!"

मी भांडं चटईमागं सरकवलं.

"तिकडं मेंबर रोज विचारतात मला. शिवा. आत्ता. माझ्यासमोर. खळ, पुठ्ठा मी दुसरीकडं करून घेईन. आणि यापुढचं कामही तिकडंच देईन."

मी शिवायला बसलो. ते दोन फर्मे न वाचताच शिवले. आयुष्यात तेवढेच. तुंगीनं दोरा धरला होता, रडली नाही. शेवटची गाठ मारल्यावर तिनं विचारलं, "काका, तो नावाडी घरी पोचतो का?"

"मी कादंबऱ्या वाचत नाही," हनुमंतराव म्हणाले. पुस्तक काखेत मारून गेले.

चार दिवस लायब्ररीचं काम नाही. तुंगी शाळेतून यायची, चटई पसरायची आणि तिच्यावर बसून राहायची. आमच्या घरच्या एकदा म्हणाल्या, "जाऊन पाया पडा त्यांच्या." मी गेलो नाही. चूक माझीच होती, तर कुठल्या तोंडानं जाऊ?

पाचव्या दिवशी दुपारी छत्री दारात दिसली. हनुमंतरावांनी काखेतलं पुस्तक फळीवर ठेवलं. अजून तसंच, बिनपुठ्ठ्याचं.

"तुमचे टाके सुटले, अण्णा."

माझे टाके सुटत नाहीत. पुस्तक उलटून बघितलं. पहिल्यापासून सगळं घट्ट. सुटले होते फक्त शेवटचे दोन फर्मे. झिजून तुटलेल्या दोऱ्याला तंतूंच्या मिशा फुटतात. या टोकांना एकही मिशी नव्हती, कात्री लागल्यासारखी साफ. मी वर बघितलं. हनुमंतराव रस्त्यावरच्या सायकली बघत होते.

तुंगी चटई घेऊन आली.

"कधी पाहिजे?" मी विचारलं.

त्यांनी स्टूल ओढलं, रुमालानं झटकलं आणि छत्री गुडघ्यांत धरून बसले.

"घाई नाही. खळ वाळू दे."

खळ अजून चुलीवरसुद्धा चढली नव्हती.