सांडलेली डाळ

नव्वदच्या दशकात मी अन्न निरीक्षक होतो आणि वाशीचा दाणाबाजार माझ्याकडे होता. नोकरी नवी, त्यामुळे रुबाब कामापेक्षा जास्त. एकदा हमालांकडून तक्रार आली: तूरडाळीची पोती वाहिल्यापासून पाठी चुरचुरतात. चौकशी केली तेव्हा कळलं, त्याच ट्रकमध्ये आदल्या फेरीला कीटकनाशकाचे डबे फुटले होते.

मी गाळ्यावर पोचलो. व्यापाऱ्याने चहा मागवला, तो मी नाकारला आणि स्वतःवरच खूश झालो. प्रत्येक पोत्यात परखीची टोकदार, पोकळ नळी खुपसून नमुन्याची डाळ काढली, नमुन्याचे तीन भाग केले, पंचांच्या सह्या घेतल्या, लाखेची मोहोर लावली आणि सगळा माल जप्त केला. व्यापाऱ्याच्या हातात रीतसर कागद ठेवला. कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती.

पोत्यांना पडलेल्या भोकांतून डाळ गळत होती, तिकडे माझं लक्षच गेलं नाही. सांडलेलं धान्य झाडणाऱ्या बायकांनी न्यायचं, हा बाजाराचा रिवाज. मी बाहेर आलो तर साताऱ्याकडची एक बाई तीच डाळ सुपात घेऊन पाखडत बसलेली.

"मावशी, टाकून द्या ती. विष आहे त्यात."

"सायेब, सांडल्यालं आमचं असतंय," ती मान वर न करता म्हणाली. "चांगली चोळून धुतली की काय राहतंय तिच्यात? घरी चार लेकरं हायेत."

जप्त करतो म्हणालो खरा, पण आमचा कायदा विक्रीच्या मालापुरता. तिला ती डाळ विकायची नव्हती, शिजवायची होती. मग मी आवाज चढवला, दुसरं काही हातात नव्हतं म्हणून. ती उठली आणि तिने सूप गटारात पालथं केलं.

"त्याला कागद दिलात," गाळ्याकडे हात करत ती म्हणाली. "मला काय देताय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भोकं मीच पाडली होती. निदान त्या लेकरांच्या ताटात ती डाळ गेली नाही, अशी मनाची समजूत घालत ऑफिसात आलो.

पुढे मी दिसलो की झाडणाऱ्या बायका लगबगीने गाठोडी पदराखाली घ्यायच्या. त्या बाजारात मी बरीच वर्षं चांगला-वाईट सगळा माल तपासला. त्या बायका घरी काय नेतात, हे मात्र मला पुन्हा कधीच बघायला मिळालं नाही.