नागलीतला माझा वाटा

पोशेऱ्याहून मी निघाले तेव्हा नागलीची, म्हणजे नाचणीची, आवणी चालू होती. आई बांधापर्यंतही आली नाही. हातात रोपांची जुडी तशीच, वावरातूनच ओरडली, "जा गं बाय, इथं आमी हाव." मास्तरीण व्हायला ठाण्याला निघालेली एकुलती एक लेक, आणि हिला रोपं लावायची घाई! जव्हारपर्यंत पायी जाताना मी मनातल्या मनात तिच्याशी कडाकडा भांडत होते.

ते वावर आमचं एकट्याचं नव्हतं. जव्हार संस्थान विलीन झाल्यावर गावाने पडीक माळ फोडून सगळ्यांचं म्हणून एक शेत केलं होतं. विधवा बाया, थकलेली माणसं, शाळा शिकणारी मोठी पोरं, असे आम्ही तिथे राबायचो आणि पिकलेल्या नागलीचे माणशी सारखे वाटे पडायचे. बाबा गेल्यावर आम्ही दोघी त्यावरच जगलो. मी शिकले तीही त्याच भाकरीवर.

नोकरी लागली. स्टोव्ह आला, रेशनचा गहू आला. दोन वर्षं गावी जाणं झालं नाही, तरी आई कुणाबरोबर तरी माझ्या वाट्याची नागली धाडायचीच. मला लाज वाटे. पगारदार बाईने गरिबांच्या तोंडचा घास का घ्यावा? मोठ्या उदार मनाने मी गावाला पत्र लिहिलं, "माझा वाटा बंद करा."

पत्र शेतावर सगळ्यांसमोर वाचलं गेलं. आपल्याकडे वाटा बंद होतो तो मेलेल्याचा, नाहीतर गाव कायमचं तोडलेल्याचा. एवढी शिकलेली मी, हेच विसरले! आई दोन दिवस जेवली नाही. तिचा निरोप आला, "आमी नको झालो काय तुला?"

मी रडत गाव गाठलं. खळ्यावर वाटे पडत होते. वाटे घालणाऱ्या धाकूबाबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "पोरी, तुझा मांडू का नको?" मी नुसता पदर पसरला. पदराचं एक टोक आईने धरलं.

आता आई नाही. ठाण्यात माझी स्वतःची खोली आहे, तरी घर कुठलं विचारलं की मी पोशेराच सांगते. गावात राहिलेल्यांनो, माझ्या वाट्याची नागली ज्याला गरज असेल त्याने खुशाल न्यावी. फक्त वाटा मांडताना माझं नाव घ्या.