उतरता पत्रा

ऑटोमेशनमध्ये जन्मभर पुरेल अशी विद्या कोणती, असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. मशीन चालवणाऱ्या पीएलसी कंट्रोलरची मी शिकलेली मॉडेलं माझ्या डोळ्यांदेखत भंगारात गेली. टिकलं ते एकच, आणि ते मी वहिनीकडून शिकलो. त्याचा मला अभिमान वगैरे अजिबात नाही.

दादा गेल्यावर जूचंद्रचं आमचं घर वहिनीच्या पगारावर चालायचं. ती सातिवलीला स्क्रूच्या कारखान्यात पॅकिंगला होती. नव्वदचं दशक सरताना मला तिथेच जवळ, मशीनची कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका गाळ्यात नोकरी लागली. पहिलं मोठं काम आलं तेही नेमकं तिच्या कारखान्यातलं. स्क्रू मोजून पाकिटात भरणारं मशीन उभं करायचं होतं.

मशीन सारखं अडकायचं. डोकं नसलेला एखादा खराब स्क्रू नळीत तिरका बसला की सगळं ठप्प. प्रोग्राम बदलून बदलून मी थकलो. आमचा शेठ म्हणाला, "शनिवारपर्यंत चालव, नाय तर दुसरी नोकरी बघ." घरी मला जेवण जाईना, तेव्हा वहिनीने कारण काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने मला आपल्या टेबलापाशी बसवलं. तिथे एक उतरता पत्रा होता. त्यावरून ती स्क्रू सोडायची. डोकं असलेला वळून बाजूला जायचा, बिनडोक्याचा सरळ खाली घरंगळायचा.

"दिसला? हलू करून दाखवू का?"

मशीन चाललं तर काय होणार, हे तिला कळत नव्हतं असं नाही. मी म्हणालो, "वहिनी, राहू दे."

"ऱ्हाव दे काय? येकाची तरी नोकरी ऱ्हायली पायजे," ती म्हणाली आणि पुन्हा सावकाश करून दाखवू लागली.

तसाच पत्रा मी मशीनच्या तोंडाशी बसवला. मशीन पुन्हा अडकलं नाही. महिनाभरात पॅकिंगच्या सगळ्या बायका घरी बसल्या.

आजही कुठल्याही कारखान्यात गेलो की मी आधी कामगारांचे हात बघतो, मग प्रोग्राम लिहितो. लोक कौतुक करतात. मला मात्र ते हात रिकामे झालेले दिसतात आणि सगळ्याचाच वीट येतो.

कारखान्यातल्या तिच्या शेवटच्या दिवशी मी वहिनीला लुनावरून घरी आणलं होतं. दारात उतरल्यावर तिने विचारलं, "तुजी मशीन बिनडोक्याचा येक पन पाकिटात सोडत नाय ना रं? नाय तं माजा नाव खराब व्हईल."