हातावरचं गोंदण

देव आहे की नाही यावर मी कधी वाद घातला नाही. असलाच तर त्याने आमच्याकडे पाठ फिरवली होती, एवढंच वाटायचं. मी ज्यू. दुसऱ्या महायुद्धात लहानपणी नाझींनी मला आईबरोबर छावणीत कोंडलं, हातावर आकडा टोचला. आई तिथेच गेली. सुटका झाली तेव्हा सैनिकांनी दिलेला पाव चावायचंही बळ माझ्यात नव्हतं. पुढे इस्राएलमध्ये पुण्याच्या एका बेने इस्राएली, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू तरुणाशी लग्न झालं आणि मी रास्ता पेठेत आले. सासूबाईंनी मराठी शिकवली, लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून दिले आणि कधी काही विचारलं नाही. संसार झाला, नातवंडं झाली. आकडा मात्र मी कुणाला दिसू दिला नाही.

गेल्या वर्षी घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेसाठी कपडे काढून दवाखान्याचा झगा घालायचा म्हटल्यावर मी हटून बसले. कपडे उतरवायला लावणारी माणसं मी पाहिली होती. “आई, अशी अंथरुणातच जाशील गं,” मुलगा रडकुंडीला आला. “जाईन. पण माझ्या ब्लाउजमध्ये जाईन,” मी म्हणाले. इतकी वर्षं पुण्यात काढल्यावर कुणाचं ऐकायची सवय उरत नाही.

शेजारच्या खाटेवर लोणी काळभोरच्या, शेती करणाऱ्या एक आजी होत्या. दुपारी माझा डोळा लागला, बाही वर सरकली. जागी झाले तर त्या आकड्याकडेच बघत होत्या. मी घाईने झाकू लागले, तशी त्यांनी हिरव्या गोंदणाने भरलेला आपला हात पुढे केला.

“झाकता कशापायी? माझ्याबी हातावर हाय की. आमची आय म्हणायची, सोनंनाणं समदं हितंच ऱ्हातंय, गोंदाण तेवढं देवाच्या दारात संगं येतंय. देव त्यावरनंच वळखतो.”

त्या बाईंना छावणी ठाऊक नव्हती. आमच्या धर्मात गोंदणं निषिद्ध, हेही ठाऊक नव्हतं. ज्यांनी तो आकडा टोचला त्यांना माझं नाव पुसायचं होतं, आणि त्याच आकड्यावरून मला ओळखणारा कुणी आहे, असं त्या सहज सांगत होत्या. मी खूप रडले. परिचारिका झगा घेऊन आली तेव्हा हात आपणहून पुढे केला.

आता काठी घेऊन चालते. त्या बाईंना माझ्या शेजारी कुणी आणलं, हे विचारत नाही; फक्त आभार मानते. मरणाची भीतीही उरलेली नाही. छावणीत आकडे टोचून घ्यायला आम्ही रांगेत उभ्या होतो, माझ्या अगदी आधीचा आकडा आईचा. देवाने तिला ओळखून आत घेतलं असेल, तर पुढचा माझाच आहे.