सुट्टीच्या दिवशीची खिचडी

शिक्षकांच्या सुट्ट्या दरवर्षी संपतात. सुट्ट्यांचे किस्से मात्र साठत जातात. कासा गावाजवळच्या आमच्या शाळेत चहाच्या वेळी ते निघतात आणि सगळे हसतात. मीही हसते. त्या संध्याकाळी मग देवापुढे बसवत नाही.

नव्या वर्षाच्या सुट्ट्या जाहीर झाल्या की आमचे मुख्याध्यापक आधी रविवार तपासतात. यंदा एका उत्सवाने त्यांचा घात केला. "पुन्हा रविवारी! देवालासुद्धा आपली पर्वा नाही!" त्या देवापुढे सरांनी हात जोडलेले मी अजून पाहिलेले नाहीत.

मतदानाच्या दिवशी शाळा बंद, बाजारही बंद. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या जानकीताईंना बाजाराचे कोणी सांगितले नव्हते. त्या पाड्यावरून मिरच्यांची पाटी घेऊन कासाला पोहोचल्या. पोलीस ओरडला, "बाजार नाही! आज सुट्टी मत द्यायला आहे!" जानकीताईंनी शाईचे बोट पुढे केले. "मत देऊन आले, दादा. आता मिरच्या कोणाला देऊ?"

ठरलेल्या सुट्ट्यांखेरीज एखादी सुट्टी देणे मुख्याध्यापकांच्या हाती असते. ती महालक्ष्मीच्या जत्रेला मिळावी, अशी पालकांनी विनंती केली. सर गंभीरपणे म्हणाले, "ती शिल्लक नाही. गोव्याला संपली!"

म्हणून जत्रेच्या दिवशी शाळा उघडली. मूल एकही आले नाही. खिचडीचे पातेले मात्र सकाळीच चढले होते. दुपारी ती अंगणात ओतावी लागली. जानकीताई मला म्हणाल्या, "बाई, कावळ्यांची हजेरी लावा!"

आता ती गोव्याला संपलेली सुट्टी. शुक्रवारची महाशिवरात्र आणि रविवार यांच्यामध्ये एक शनिवार अडकला होता. सरांनी तो मोकळा केला आणि शिक्षकांची गोव्याची सहल ठरवली. गुरुवारी प्रार्थनेनंतर त्यांनी जाहीर केले, "उद्यापासून सलग सुट्टी! टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. तिसरीतल्या रमीने तेवढे विचारले, "सर, जानकीताईंना पण सुट्टी?" रमी धाकट्या भावाला रोज सोबत आणते. दोघांना पोटभर मिळते ते शाळेतलेच.

सर हसले. "त्यांना तर सगळ्यांच्या आधी!"

मी सहलीला गेले नाही. महाशिवरात्रीचा माझा उपवास असतो. शाळेच्या आवारात बेलाचे झाड आहे. पूजेसाठी पाने तोडायला दुपारी तिथे गेले. स्वयंपाकखोलीच्या कुलूपबंद दारापाशी रमी आणि तिचा भाऊ हात धुऊन बसले होते. पुढ्यात दोन ताटल्या.

"रमे, आज सुट्टी आहे. माहीत नाही का?"

"हाय माहीत, बाई," ताटली सरळ करीत रमी म्हणाली. "आम्ही शिकाया नाय आलो."