शालनताईंची लेव्हल

आमच्या शिरवळच्या कंपनीत दोन गोष्टींचा ढीग कायम वाढत असतो : रिजेक्ट झालेली झाकणं आणि किस्से. बाटल्यांची झाकणं बनवतो आम्ही. वाकडी निघाली की दळून परत वापरता येतात. किस्से कुठं दळणार?

म्हणून सांगून टाकतो!

* * *

मी क्वालिटीत, अकरा वर्षं. अप्रेझलचा फॉर्म आला : ‘स्वतःला पाचपैकी गुण द्या.’ आपण कशाला मोठेपणा करायचा, म्हणून मी तीन दिले.

प्लँट मॅनेजर साहेब खूश! म्हणाले, “ही नम्रता मला आवडते. स्वतःला ओळखणारा माणूस!”

आणि तिनाचे दोन केले.

* * *

पुण्याहून एक सर लीडरशिपचं ट्रेनिंग द्यायला आले. फक्त ऑफिसर लोकांसाठी. सर म्हणाले, “अडचणीत सगळे ज्याच्याकडे बघतात, तो लीडर!”

साहेबांनी लगेच वहीत लिहून घेतलं. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. निळ्या झाकणांचा रंग जुळत नव्हता आणि गाडी गेटवर खोळंबली होती.

“शालनताईंना बोलवा,” साहेब म्हणाले.

“त्या कोण? ट्रेनिंगला नाही आल्या?” सरांनी विचारलं.

“ऑपरेटर आहेत, सर. लेव्हल बसत नाही!”

* * *

या शालनताई माण तालुक्यातल्या. वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. ताईंचं शिक्षण दहावी, पण मशीनच्या आवाजावरून बिघाड सांगणार!

कराडच्या कॉलेजातून नवा इंजिनिअर आला की साहेब त्याला ताईंच्या हाताखाली द्यायचे. सहा महिन्यांनी तो ताईंचा साहेब व्हायचा. असे चार झाले. चौथ्यानं तर ताईंच्या फॉर्मवर शेरा मारला, ‘मार्गदर्शनाची गरज आहे.’

ताई कागद घेऊन त्याच्या टेबलापाशी गेल्या. “आवं सायेब, कुनाच्या मार्गदर्शनाची? तुमास्नी तर मीच शिकिवलं!”

तो हसला. ताई हसल्या नाहीत. त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. लोणंदला उतरताना मला म्हणाल्या, “भाऊ, सुपरवायझरची जागा निगालीय न्हवं? माजा अर्ज लिवून द्या.”

* * *

मुलाखतीला समोर तिघं, मधोमध साहेब.

“माणसं सांभाळायचा अनुभव?”

“मेंढरांचा हाय.”

तिघंही हसले. साहेब म्हणाले, “ताई, माणसं हाकणं वेगळं असतं!”

“मेंढरं बी नुसती हाकून येत न्हाईत, सायेब. म्होरं चालावं लागतं.”

साहेबांनी घाईनं पुढचा प्रश्न काढला. “आणि पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?”

“तुमी बसलाय तितं. पन खुर्ची दुसरी द्या, ही लय कुरकुरती!”

जागा मिळाली. खुर्ची नाही.

* * *

आता शेवटचा. ताई सुपरवायझर झाल्या, तेव्हा साहेबांनी बजावलं, “आता मशीनला हात लावायचा नाही. तुम्ही लीडर आहात!”

महिन्याभरात मोठ्या गिऱ्हाईकाचे पाहुणे आले. साहेब त्यांना फिरवत असताना पाच नंबरचं मशीन बंद पडलं. नवी ऑपरेटर रूपाली रडकुंडीला आली. ताई मागं हात बांधून उभ्या.

“ताई, बघताय काय?” साहेब कुजबुजले.

“लीडरशिप करतीय, सायेब.”

मग रूपालीला हळूच म्हणाल्या, “घाबरू नगं. येतंय तुला. आदी आवाज आठव, कुटनं आला?”

रूपालीनं डोळे पुसले, मशीनचं झाकण उघडलं, अडकलेला तुकडा काढला. बटण दाबलं. मशीन सुरू!

पाहुणे खूश झाले. “वा! लीडर फार चांगला आहे तुमच्याकडे!”

“थँक यू, सर!” साहेबांनी लाजत हात पुढं केला.

पाहुण्यांचा हात त्यांच्या शेजारून ताईंकडे गेला.

“हिच्या हातात द्या,” ताईंनी रूपालीला पुढं केलं, “मशीन हिनं चालू केलं.”

साहेबांचा हात अजून हवेतच होता!